६,१०० अणू पकडले तरी एरर करेक्शन झालं असं का म्हणत नाहीत? न्यूट्रल ॲटमवाले नेमके कुठवर आलेत?

ताळगाव_पठार

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथे गोव्यातच, आणि चवथीच्या आधी प्रोजेक्टचा विषय ठरवून द्यायचाय. क्वांटम कॉम्प्युटिंगमधे काहीतरी करायचं हे नक्की, त्यातही लेझरने पकडलेल्या अणूंचं वाचायला लागले तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये, इतकं सुंदर वाटलं ते. पण आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणजे बघा, २०२३ च्या ऑक्टोबरमधे ॲटम कॉम्प्युटिंग कंपनीने हजाराच्या वर क्युबिटचं (म्हणजे क्वांटम बिटचं, इथे एक अणू म्हणजे एक क्युबिट) मशीन जाहीर केलं, लगेच डिसेंबरमधे हार्वर्डच्या मिखाइल ल्युकिन यांच्या ग्रुपचा नेचरमधे पेपर आला, त्यात २८० अणू आणि ४८ लॉजिकल क्युबिट (अनेक अणूंवर माहिती पसरून चुकांपासून जपलेले), मग २०२५ मधे कॅल्टेकने ६,१०० सीझियम अणू एकाच वेळी ट्वीझरमधे, म्हणजे लेझरच्या चिमट्यांत, धरले. आणि गूगलच्या विलो या सुपरकंडक्टिंग चिपवर फक्त १०५ क्युबिट, तरी एरर करेक्शन (क्युबिटच्या चुका पकडून दुरुस्त करणं) म्हटलं की सगळे आधी तिचंच नाव घेतात. ६,१०० कुठे आणि १०५ कुठे? मग नेमकं मोजायचं काय, अणू मोजायचे की लॉजिकल क्युबिट की आणखी तिसरंच काही?

आणि दुसरं, आमच्याकडे असली लेझर लॅब नाही. लॅपटॉपवर करता येईल असं, पण खरोखर उपयोगाचं काही असतं का यात? गणित घालून सांगितलं तरी चालेल, उलट बरंच.

मांडवीकाठ

तिसरंच काही मोजायचं. 🙂 सांगतो सविस्तर, जरा लांब होईल. मी पुण्याला कोल्ड ॲटमच्या लॅबमधे पीएचडी केली, आता पर्वरीला असतो.

आधी मशीन काय असतं ते, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. काचेचा एक छोटा सेल, आत जबरदस्त व्हॅक्यूम, त्यात रुबिडियम किंवा सीझियम किंवा यटर्बियम. लेझर कूलिंगने अणू मायक्रोकेल्विनच्या घरात आणायचे, मग चांगल्या लेन्समधून लेझर साधारण मायक्रॉनभर ठिपक्यात फोकस करायचा, त्या ठिपक्यात अणू अडकतो. एका ठिपक्यात एक तरी नाहीतर शून्य, आणि पहिल्या झटक्यात जवळजवळ निम्मे ठिपके रिकामेच निघतात, म्हणून कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा आणि हलणाऱ्या ट्वीझरने अणू उचलून उचलून रिकाम्या जागा भरायच्या. हे सगळं रूम टेम्परेचरला ठेवलेल्या सेलमधे, सुपरकंडक्टिंगवाल्यांना चिप जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड करायला लागतो तसला डायल्युशन फ्रिज इथे नाही. आणि सगळे रुबिडियम-८७ निसर्गानेच हुबेहूब एकसारखे दिलेत, चिपवरचा प्रत्येक क्युबिट मात्र थोडा थोडा वेगळा निघतो.

क्युबिट म्हणजे अणूच्या ग्राउंड स्टेटमधल्या दोन हायपरफाइन लेव्हल, रुबिडियममधे त्यांच्यात ६.८ गिगाहर्ट्झचं अंतर. या लेव्हल खूप शांत असतात, सेकंदाच्या वर टिकतात, कॅल्टेकच्या त्या ६,१०० वाल्या जाळीत १२.६ सेकंद कोहेरन्स (क्वांटम स्थिती शाबूत राहण्याचा काळ) मिळालाय. पण शांत असण्याचाच त्रास असा की न्यूट्रल अणू शेजाऱ्याशी बोलतच नाही, आणि दोन क्युबिटचं गेट (म्हणजे दोघांवर मिळून एक क्रिया) करायचं तर बोलायला तर हवं. त्यासाठी अणूला क्षणभर रिडबर्ग स्टेटमधे नेतात, म्हणजे इलेक्ट्रॉन ५० च्या वरच्या कुठल्यातरी लेव्हलला, तिथे अणू फुगतो आणि काही मायक्रॉनवरच्या शेजाऱ्याला त्याच स्टेटमधे जाऊ देत नाही. हाच रिडबर्ग ब्लॉकेड. गेटची कल्पना याक्श, सिराक, झोलर वगैरे लोकांनी २००० साली मांडली, २००९ मधे विस्कॉन्सिन आणि पॅरिसजवळच्या ग्रुपनी दोन अणूंवर ब्लॉकेड करून दाखवला, आणि २०२३ मधे हार्वर्डने एकाच वेळी ६० अणूंवर हे गेट ९९.५ टक्के अचूक केलं.

हा ९९.५ लक्षात ठेव, सगळं इथेच आहे.

सरफेस कोडमधे (क्युबिट चौकोनी जाळीत मांडून चुका पकडायची पद्धत) ढोबळमानाने असं असतं की थ्रेशोल्ड, म्हणजे चुकीची मर्यादा, १ टक्क्याच्या आसपास. तुझी फिजिकल चूक त्याच्या खाली असेल तर कोडचं डिस्टन्स (किमान इतके क्युबिट बिघडले तरच चूक न कळता निसटते असा आकडा) दोनने वाढवलं की, म्हणजे ३ चं ५, ५ चं ७, लॉजिकल चूक दर वेळी एका ठराविक पटीने कमी होते. त्या पटीला लॅम्डा म्हणतात आणि तो साधारण थ्रेशोल्ड भागिले फिजिकल चूक इतका येतो. चूक ०.५ टक्के असेल तर लॅम्डा २, चूक ०.१ टक्का असेल तर लॅम्डा १०.

आता कागदावर करून बघ. समज लॉजिकल चूक दर राऊंडला (चुका तपासायच्या एका फेरीला) एक हजार कोटीत एक इतकी हवी (कामाच्या अल्गोरिदमना साधारण असलंच काहीतरी लागतं), आणि सूत्रातला सुरुवातीचा गुणक ०.१ धर. लॅम्डा २ असेल तर दोनने भागायचं तीस वेळा, म्हणजे डिस्टन्स ५९, आणि सरफेस कोडला एका लॉजिकल क्युबिटमागे डिस्टन्सच्या वर्गाच्या दुप्पट वजा १ इतके फिजिकल क्युबिट लागतात, म्हणजे ६,९६१. लॅम्डा १० असेल तर नऊ वेळा भागलं की झालं, डिस्टन्स १७, फिजिकल क्युबिट ५७७. म्हणजे ६,१०० अणू हातात असले आणि गेट ९९.५ ची असली तर असा एकही चांगला लॉजिकल क्युबिट त्यात बसत नाही, तेच गेट ९९.९ ची झाली तर दहा बसतात. अणू तेवढेच! म्हणून मोजायचा तो लॅम्डा. कॅल्टेकचं काम फार मोठं आहे, मी स्वतः असे अणू धरायला रात्री जागलोय त्यामुळे सहा हजार म्हणजे काय ते मला कळतं, पण त्यांनी त्या जाळीत एका क्युबिटचीच गेट दाखवली, दोघांची नाही, आणि लॅम्डा ठरतो तो मुख्यतः दोघांच्या गेटवर.

विलोचं नाव घेतात ते यासाठीच. डिस्टन्स ३, ५, ७ करत गेले आणि दर पायरीला लॉजिकल चूक २.१४ पटीने कमी झाली, तीही राऊंडमागून राऊंड एरर करेक्शन चालू ठेवून.

राहिले ते ४८. त्या पेपरमधे दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि बातम्यांनी त्यांची खिचडी केली. सरफेस कोड त्यांनी डिस्टन्स ७ पर्यंत नेला, दोन लॉजिकल क्युबिटमधे गेट केलं आणि डिस्टन्स वाढलं तशी चूक कमी झाली हे दाखवलं, हे अस्सल काम. आणि ४८ वाला प्रयोग वेगळा, तो आठ अणूंत तीन लॉजिकल क्युबिट बसवणाऱ्या छोट्या कोडवर, असे सोळा ब्लॉक, म्हणजे १२८ अणू. पण त्या कोडचं डिस्टन्स २. डिस्टन्स २ म्हणजे चूक झालीय हे कळतं, कुठली ते कळत नाही, त्यामुळे दुरुस्त करता येत नाही, चूक दिसलेले रन बाजूला काढायचे आणि उरलेले ठेवायचे. त्यानेही सर्किटचं उत्तर खूप सुधारलं, तो प्रयोग मला आवडतो, पण करेक्शन आणि डिटेक्शन यातला फरक तू प्रोजेक्टच्या पहिल्या पानावरच लिही.

ताळगाव_पठार

सर खूप खूप धन्यवाद, देव बरें करूं. ६,९६१ आणि ५७७ वाचून अंगावर काटा आला, हे असं कुठेच कोणी सांगितलं नव्हतं.

एक मूलभूत अडतंय. क्युबिट मोजला की स्टेट कोसळते ना, मग दर राऊंडला मोजत राहायचं आणि आतली माहिती शाबूत ठेवायची हे कसं? आणि चूक तर कितीही बारीक असू शकते, गेट अर्ध्या अंशाने जास्त फिरलं वगैरे, ती पकडणार कशी?

मांडवीकाठ

क्युबिटला मोजायचंच नाही. दोन (सरफेस कोडमधे चार) क्युबिटची मिळून पॅरिटी काय एवढंच विचारायचं, सम की विषम. त्यासाठी एक वेगळा ॲन्सिला क्युबिट घेऊन त्याचं चौघांशी एकेक गेट करायचं आणि शेवटी त्या ॲन्सिलालाच मोजायचं. लॉजिकल ० असो की १ असो की दोघांचं सुपरपोझिशन, पॅरिटीची उत्तरं सगळ्यांना सारखीच येतात, म्हणून त्या उत्तरातून आत काय लिहिलंय ते फुटत नाही, फक्त कुठे बिघडलं याचा माग मिळतो, त्याला सिंड्रोम म्हणतात. बिट फ्लिपसाठी एक जातीचे चेक, फेज फ्लिपसाठी दुसऱ्या जातीचे. आणि बारीक चुकीचं तर फारच छान आहे, अर्ध्या अंशाने फिरलेला क्युबिट म्हणजे बहुतेक 'काही झालं नाही' आणि किंचित 'पूर्ण उलटला' यांचं सुपरपोझिशन. पॅरिटी मोजलीस की तेच कोसळतं, एक तर चूक नाहीशी होते नाहीतर पूर्ण फ्लिप होऊन समोर येते आणि मग ती पकडता येते. जे मोजमाप आपल्याला शत्रू वाटतं तेच सततच्या चुकीला हो किंवा नाही मधे आणून ठेवतं. पीटर शोर यांनी १९९५ मधे नऊ क्युबिटचा कोड देऊन हे शक्य आहे दाखवलं, त्याआधी बऱ्याच जाणत्या लोकांना वाटत होतं की क्वांटममधे एरर करेक्शन होणारच नाही.

वेर्णा_फर्मवेअर

मी फिजिक्सवाला नाही, वेर्ण्याला एम्बेडेडमधे आहे, एफपीजीएवर काम करतो, पण हा विषय बरीच वर्षं फॉलो करतोय. वर सगळं बरोबर आहे पण वेळेचा मुद्दा कोणी काढलाच नाही आणि माझ्या मते तो लॅम्डाइतकाच मोठा आहे.

विलोवर एरर करेक्शनचा एक राऊंड सुमारे १.१ मायक्रोसेकंदात होतो. न्यूट्रल ॲटममधे रिडबर्ग गेट स्वतः मायक्रोसेकंदाच्या आतच होतं पण अणू एका जागेहून दुसरीकडे न्यायला शेकडो मायक्रोसेकंद जातात, कॅमेऱ्याने फोटो काढून मोजायला परत तेवढेच, म्हणजे राऊंड मिलिसेकंदाच्या आसपास पडतो. हजार पट हळू. जे काम सुपरकंडक्टिंग मशीन आठवड्यात करेल ते इथे वीस वर्षं चालेल असं सरळ गणित निघतं, मग कितीही चांगला लॅम्डा असला तरी काय करायचंय? हे मी खोडा घालायला म्हणत नाहीये, उलट मला हे मशीन चालावं असं मनापासून वाटतं, म्हणून विचारतो.

हळू असण्याचा एक फायदा मात्र मला माझ्या बाजूने दिसतो. डीकोडर. सिंड्रोम आला की तो वाचून कुठे चूक झाली ते ठरवणारा क्लासिकल प्रोग्राम. मायक्रोसेकंदाला एक राऊंड येत असेल तर डीकोडरने त्याच वेगाने निकाल द्यायला हवा नाहीतर डेटा साचत जातो, आणि मोठ्या डिस्टन्सला ते हार्डवेअरमधे बसवणं खरंच घाम काढतं. मिलिसेकंद मिळाला तर भारीतला, जास्त अचूक डीकोडर चालवता येतो.

मांडवीकाठ

हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, बरं झालं काढलात.

हजार पट हे एका राऊंडचं गणित आहे, पूर्ण अल्गोरिदमचं नाही. चिपवर क्युबिट जागचे हलत नाहीत, शेजाऱ्याशीच बोलतात, त्यामुळे दोन लॉजिकल क्युबिटमधलं एक ऑपरेशन करायला लॅटिस सर्जरी (दोन कोडच्या जाळ्या कडेने जोडून परत सोडवणं) करावी लागते आणि त्यात डिस्टन्सइतके राऊंड जातात, डिस्टन्स २५ असेल तर २५ राऊंड. अणू हलवता येतात. एक आख्खा लॉजिकल ब्लॉक उचलून दुसऱ्या ब्लॉकच्या शेजारी आणून ठेवायचा, इकडचा पहिला अणू तिकडच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, असं सगळ्यांचं गेट एका रिडबर्ग पल्समधे, याला ट्रान्सव्हर्सल गेट म्हणतात. रायबंदरहून फेरीबोट सुटली की तिच्यावरच्या सगळ्या गाड्या एकदमच चोडणला पोचतात, प्रत्येक गाडीला वेगळी होडी लागत नाही, तसंच इथे एका ॲकूस्टो-ऑप्टिक डिफ्लेक्टरला दोन रेडिओ सिग्नल दिले की रांगाच्या रांगा एकत्र सरकतात, कंट्रोलच्या वायरी अणूंच्या संख्येबरोबर वाढत नाहीत. तुम्ही हार्डवेअरवाले, तुम्हाला याची किंमत जास्त कळेल.

आणि २०२५ मधे नेचरमधे थिअरीचा पेपर आलाय की ट्रान्सव्हर्सल गेट वापरली आणि सगळ्या ब्लॉकचे सिंड्रोम एकत्र डीकोड केले तर दर ऑपरेशनला डिस्टन्सइतके राऊंड लागत नाहीत, ठराविक थोडे पुरतात. म्हणजे हजारातले पंचवीस-तीस पट तिथेच परत मिळाले. उरलेलं अंतर आहे, ते मी नाकारत नाही.

यात आणखी एक फरक कोणी फारसा सांगत नाही, तो म्हणजे अणू हरवणं. ट्रॅपमधून अणू उडून जातो, व्हॅक्यूममधला एखादा भरकटलेला रेणू आपटला म्हणून किंवा गेटच्या वेळी रिडबर्गमधून नीट खाली आला नाही म्हणून. ऐकायला वाईट, पण एरर करेक्शनच्या नजरेने ही बरीच सोपी चूक आहे कारण कुठला अणू गेला ते बघता येतं. जागा माहीत असलेल्या चुकीला इरेझर म्हणतात, आणि डिस्टन्स ७ चा कोड जागा माहीत नसलेल्या ३ चुका दुरुस्त करू शकतो पण इरेझर असतील तर ६. प्रिन्स्टनच्या जेफ थॉम्पसन यांच्या ग्रुपने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मधे यटर्बियम-१७१ साठी गणित मांडलं की गेटच्या ९८ टक्के चुका अशा जागा कळणाऱ्या करता आल्या तर सरफेस कोडचा थ्रेशोल्ड ०.९४ वरून ४.१५ टक्क्यांवर जातो. वरच्या हिशोबात थ्रेशोल्ड चौपट झाला की लॅम्डाचं काय होतं बघ! गेट तीच ठेवून, फक्त चुकीची जात बदलून.

हार्वर्डने २०२५ मधे ४४८ अणूंवर नेमकं हेच वापरलं, हरवलेले अणू ओळखून ती माहिती डीकोडरला दिली, डीकोडर मशीन लर्निंगवाला, आणि राऊंडमागून राऊंड करेक्शन करत थ्रेशोल्डच्या २.१४ पट खाली गेले. आकडा विलोसारखाच आला तो योगायोग. पण दोन अगदी वेगळ्या मशीनवर लॅम्डा २ च्या वर गेलाय, म्हणून मला २०२५ चा हा पेपर ४८ वाल्या पेपरपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, बातमी मात्र त्याची निम्मीसुद्धा झाली नाही. उडालेल्या अणूंच्या जागी नवे आणायची सोयही त्याच वर्षी झाली, ३,००० हून जास्त अणूंची जाळी त्यांनी दोन तासांच्या वर सतत भरलेली ठेवली.

वेर्णा_फर्मवेअर

वायरींचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. चिपवर प्रत्येक क्युबिटला कंट्रोल लाईन आणि रीडआऊट, ते दहा हजारांवर न्यायचं म्हटलं की फ्रिजमधे केबल घालायलाच जागा नाही. तरी वेगाची काळजी माझी तशीच आहे, पंचवीस पट कमी केले तरी चाळीस पट उरतातच. मोजायचा वेळ कमी झाल्याशिवाय मी समाधानी नाही, कॅमेरा आणि फोटॉन गोळा करणं हे मला सगळ्यात मोठं बॉटलनेक वाटतं.

मास्तर_म्हापसा

मी निवृत्त शिक्षक, हायस्कूलला फिजिक्स शिकवलं. चर्चा वाचून फार समाधान वाटलं, गोव्यातली मुलगी हा विषय घेतेय आणि तिला असे सांगणारे भेटतायत. बाय, तू हा विषय सोडू नको.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बँकेचं एन्क्रिप्शन फुटणार असं दर दोन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं, त्याचा आणि या लॉजिकल क्युबिटचा हिशोब काय? आणि आपल्या देशात हे अणूवालं काम कुठे चाललंय?

मांडवीकाठ

सर, आरएसए-२०४८ (तुम्ही म्हणता तसलं एन्क्रिप्शन) फोडायला २०१९ मधे गिडनी आणि एकेरो यांनी हिशोब दिला होता २ कोटी फिजिकल क्युबिट आणि ८ तास. मे २०२५ मधे गिडनी यांनी तोच १० लाखांच्या आत आणला, वेळ आठवड्याच्या आत. हे सुपरकंडक्टिंगसारख्या वेगाचं मशीन धरून. न्यूट्रल ॲटमसाठी, एक राऊंड १ मिलिसेकंद धरून आणि वर सांगितलेली ट्रान्सव्हर्सल पद्धत वापरून, २०२५ मधलाच एक हिशोब आहे १ कोटी ९० लाख अणू आणि ५.६ दिवस. (वेर्णा, तुमच्या वीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, वेळ वाचवायला अणू जास्त खर्च केलेत, पण दिवसांत येतं.) आज हजारांत अणू आहेत, त्यामुळे बँकेतले पैसे उद्या जाणार नाहीत. पण आज चोरून साठवलेला डेटा दहा-पंधरा वर्षांनी उघडता येईल ही भीती खरी आहे, म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मधे पोस्ट क्वांटम एन्क्रिप्शनची स्टँडर्ड जाहीर केली आणि सगळे हळूहळू तिकडे वळतायत. तो व्हॉट्सॲप मेसेज पुढे पाठवू नका एवढंच.

देशात एप्रिल २०२३ मधे नॅशनल क्वांटम मिशन मंजूर झालं, ६,००३.६५ कोटींचं, २०३०-३१ पर्यंत. त्यात ५० ते १,००० फिजिकल क्युबिटचं लक्ष्य आहे, कॉम्प्युटिंगचा हब बेंगळुरूच्या आयआयएस्सीला. थंड अणूंच्या लॅब पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी आहेत आणि तिथली पोरं फार चांगली तयार होतात. माझं स्पष्ट मत विचाराल तर आपल्याकडे लक्ष्य क्युबिटच्या संख्येत लिहिलंय, ते दोन क्युबिटच्या गेटच्या अचूकतेत लिहायला हवं होतं. पन्नास अणू ९९.९ वर चालवले तर ते हजार अणू ९९ वर चालवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम, कारण ९९ वर तू थ्रेशोल्डवरच बसलेला असतोस, अणू वाढवून काहीच सुधारत नाही.

मास्तर_म्हापसा

समजलं. हे शेवटचं वाक्य मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकतो. आणि एक, गोव्यात अशी लॅब उभी राहू शकते का हो? जून ते सप्टेंबर इथे भिंतीला बुरशी येते, लाईट दिवसातून चार वेळा जाते, मला तर शाळेतला प्रोजेक्टर वाचवता आला नाही.

मांडवीकाठ

राहू शकते. दमट हवा आणि लाईट यावर पैसे घालावे लागतात एवढंच, व्हॅक्यूमच्या पंपांना बॅकअप, एसी चोवीस तास, टेबलावर फिल्टर केलेली कोरडी हवा, नाहीतर आरशांवर डाग पडतात आणि अलाइनमेंट रोज सरकते. पुण्यातही पावसाळ्यात हेच करायचो. अवघड आहे ते माणसं टिकवणं, असा सेटअप पहिला अणू दाखवायलाच दोन-तीन वर्षं घेतो आणि तेवढा वेळ इथे थांबणारे पीएचडीवाले हवेत.

ताळगाव_पठार

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मास्तर तुम्हालाही. 🙏 मी ठरवलंय डीकोडरवर करायचं, कारण ते लॅपटॉपवर होईल आणि इरेझरचा मुद्दा वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणजे हरवलेल्या अणूची माहिती डीकोडरला दिली तर थ्रेशोल्ड किती सरकतो ते स्वतः काढून बघायचं. हे एमएस्सीच्या मानाने जास्त होईल का? सुरुवात कुठून करू? पायथन येतं.

वेर्णा_फर्मवेअर

जास्त नाही होत. स्टिम आणि पायमॅचिंग ही दोन्ही फुकट आहेत, पायथनमधून चालतात. स्टिम सर्किट आणि चुका सिम्युलेट करतं, पायमॅचिंग सिंड्रोम घेऊन मॅचिंगने डीकोड करतं. साध्या लॅपटॉपवर लाखो शॉट (एकेक पूर्ण रन) आरामात निघतात.

माझ्या अनुभवाने एक सांगतो, थेट सर्किट लेव्हलच्या नॉईजवर (प्रत्येक गेटला चूक धरलेल्या) उडी मारू नको. आधी फक्त डेटा क्युबिटवर बिट फ्लिप आणि मोजमाप परफेक्ट धरून चालव, मॅचिंग डीकोडरला थ्रेशोल्ड १०.३ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. मग मोजमापातही चूक घाल, तो २.९ च्या जवळ येईल. मग पूर्ण सर्किट, तिथे ०.७ ते १ टक्का, नॉईज कसा धरलास त्यावर. हे तीन आकडे सगळ्यांना माहीत आहेत त्यामुळे तुझा कोड बरोबर चाललाय की नाही ते लगेच कळतं, ते जुळल्याशिवाय पुढे जाऊ नको.

मांडवीकाठ

+१. आणि मग इरेझर. स्टिममधे हेराल्डेड इरेझरचा नॉईज आहे, चूक झाली आणि ती झाल्याचं कळलं, असा. डीकोडरमधे ज्या जागी इरेझर कळलं मॅचिंगच्या ग्राफमधल्या तिथल्या कडेचं वजन शून्य करायचं, म्हणजे मॅचिंग तिथून फुकट जाऊ शकतं. अडचण अशी की प्रत्येक शॉटला वजनं वेगळी, त्यामुळे दर वेळी ग्राफ नव्याने बांधावा लागतो आणि वेग एकदम पडतो, म्हणून डिस्टन्स ३, ५, ७ वरच थांब आणि थ्रेशोल्डच्या जवळपासचेच पॉइंट घे. फार खालचे पॉइंट काढायला जाऊ नको, लॉजिकल चूक दहा लाखात एक असेल तर शंभर चुका दिसायला दहा कोटी शॉट लागतात आणि लॅपटॉप पंखा लावून बसेल.

एकूण चुकांपैकी किती टक्के इरेझर हा आकडा शून्यापासून शंभरपर्यंत बदलत ने आणि थ्रेशोल्ड कसा चढतो त्याचा ग्राफ काढ. तो एक ग्राफ नीट आला तर प्रोजेक्ट झाला. वेळ उरला तर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे, खऱ्या मशीनमधे अणू गेल्याचं त्याच राऊंडला कळत नाही, बरेचदा शेवटी मोजताना कळतं, मधल्या राऊंडमधे तो नसलेला अणू गेटमधे भाग घेतोय असं धरून आपण चाललेलो असतो. उशिरा कळलेल्या इरेझरचा फायदा किती उरतो? दोन राऊंड उशीर, चार राऊंड उशीर असं करून बघ. हे वेर्णा म्हणतायत त्या वेळेच्या प्रश्नालाही जाऊन भिडतं, कारण दर राऊंडला बघायचं तर मोजायचा वेळ वाढतो.

ताळगाव_पठार

उशिराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडला, गाइडना उद्याच विचारते. स्टिम आत्ताच टाकलंय, रिपिटिशन कोड चालला. १०.३ जुळलं की ग्राफ इथे टाकते.

वेर्णा_फर्मवेअर

टाक. दोन्ही अक्ष लॉग ठेव आणि एरर बार विसरू नको, डिस्टन्स ३ आणि ५ च्या रेषा जिथे छेदतात ती जागा (म्हणजेच थ्रेशोल्ड) थोडी डावीउजवीकडे सरकते, ५ आणि ७ ची जास्त भरवशाची.